वार्ताहर गेला, त्याच्या बातम्यांचं काय?

वाचकांचे प्रश्न

एका तालुक्यात बरीच वर्षं एका मराठी दैनिकासाठी लिहिणारे वार्ताहर नुकतेच त्या दैनिकातून बाहेर पडले. जमिनींची रूपांतरं (शेतजमिनीचा वापर बदलणं), पंचायतींची कामं आणि खनिज वाहतूक हे त्यांचे नेहमीचे विषय. ते गेल्यावर आमच्याकडे पत्रं आली ती दोन टोकांची. कुणी लिहिलं, ‘आमचा आधार गेला’, तर कुणी लिहिलं, ‘सुंठीवाचून खोकला गेला’. त्यांचं, दैनिकाचं किंवा तालुक्याचं नाव आम्ही इथं छापत नाही. आलेले प्रश्न गोव्यातल्या कुठल्याही तालुक्यात उद्या विचारले जातील असे आहेत, म्हणून त्यातले काही निवडून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : आमच्या गावात यावरून दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, या माणसानं डोंगर वाचवला. दुसरा म्हणतो, तो पैसे घेऊन लिहायचा. देवळाच्या मंडपात बसलो की हाच वाद. खरं काय ते ठरवायचं कसं?
(निवृत्त शिक्षक, त्याच तालुक्यातून)

माणसाबद्दल वाद घालत बसलात तर तो मिटणार नाही. कात्रणं पुढं ठेवलीत तर निदान कशाबद्दल बोलतो आहोत ते कळेल.

त्यांच्या नावानं छापलेल्या सलग तीन महिन्यांच्या सगळ्या बातम्या काढा. गाजलेल्या दोन-चार तेवढ्या घेऊ नका. शितावरून भाताची परीक्षा इथं लागू पडत नाही. गावात जुने अंक मिळाले नाहीत तर पणजीला पाटो येथे कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात जा. तीन महिने कुठले घ्यायचे ते दोन्ही तटांनी मिळून आधी ठरवा. नाहीतर जो तो आपल्या सोयीचे महिने घेऊन येतो आणि मूळ वाद तसाच राहतो.

मग एकेक बातमी घेऊन पाहा. पहिली गोष्ट, बातमी कशावर उभी आहे? हातात कागद होता, वार्ताहर जागेवर गेला होता, की ‘विश्वसनीय सूत्रांकडून समजते’ एवढ्यावर भागवलं होतं? सूत्रांवरची बातमी वाईट असतेच असं नाही. पण तीन महिन्यांत एकाही बातमीला कागदाचा आधार नसेल तर ते लिखाण कच्चं आहे.

दुसरी गोष्ट, ज्याच्यावर बोट ठेवलं त्याची बाजू त्याच दिवशी, त्याच बातमीत आहे का? ‘संपर्क होऊ शकला नाही’ हे वाक्य मोजा. वेगवेगळ्या लोकांबद्दल अधूनमधून आलं तर समजू शकतं. एकाच माणसाबद्दल दर वेळी येत असेल तर त्या माणसाला भेटून विचारा, फोन खरोखर आला होता का आणि आला तर किती वाजता. आवृत्ती छपाईला जायच्या तासभर आधी केलेला फोन म्हणजे बाजू विचारल्याचं निमित्त.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, कारण जमिनीची बातमी तुम्हाला स्वतः कागद काढून तपासता येते. बातमीत सर्व्हे क्रमांक आहे का पाहा. असेल तर एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमीन कुणाच्या नावावर आहे ते दाखवणारा सरकारी कागद, काढा. डोंगर कापण्याचा किंवा शेत मातीनं भरण्याचा विषय असेल तर निदान चार कागद लागतात : एक-चौदा, नगरनियोजन खात्याचा झोनिंग दाखला (जमीन कुठल्या वापरासाठी राखलेली आहे ते सांगणारा), जमीन महसूल संहितेच्या ३२ व्या कलमाखालची सनद (वापर बदलायची परवानगी), आणि पंचायत राज कायद्याच्या ६६ व्या कलमाखालचा बांधकाम परवाना. झोन बदलल्याची अधिसूचना राजपत्रात येते. राजपत्र गुरुवारी निघतं, अधूनमधून विशेष अंकही असतात. झोन बदलल्याची तारीख, सनदेची तारीख आणि झाडं कापल्याची तारीख एका ओळीत लिहा. बातमी खरी की खोटी याचा निम्मा उलगडा तिथंच होतो.

चुका नेमक्या कुठं होतात तेही सांगतो, म्हणजे प्रामाणिक चूक कोणती आणि हेतुपुरस्सर कोणती ते ओळखता येईल. गोव्यातल्या कागदांवर क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असतं आणि बातमीत ते एकरात लिहिलं जातं. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर, एक हेक्टर म्हणजे १०,०००. एकर आणि हेक्टरची गल्लत झाली की जमीन अडीचपट होते. सर्व्हे क्रमांकातला उपविभाग गळला, म्हणजे ४५/२-अ च्या जागी नुसतं ४५/२ छापलं, की शेजाऱ्याची जमीन बातमीत येते. एक-चौदावर ज्याचं नाव भोगवटादार म्हणून आहे त्याला बातमीत सरळ ‘मालक’ म्हटलं जातं. कायद्यानं ती नोंद बरोबर असल्याचं गृहीत धरलं जातं, पण तो मालकीहक्काचा शेवटचा पुरावा नव्हे. कुळाचं किंवा मुंडकाराचं (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचं) नाव आणि ‘इतर हक्का’चा रकाना वाचल्याशिवाय त्या जमिनीबद्दल काही लिहू नये. आणि ‘बेकायदा’ हा शब्द! परवाना मागून पाहिला नसेल तर ‘परवाना नसल्याचा गावकऱ्यांचा आरोप’ इतकंच लिहिता येतं. ज्या वार्ताहराच्या बातम्यांत हा फरक पाळलेला दिसतो त्याच्यावर मी जास्त विश्वास ठेवीन, मग त्याची भाषा कितीही तिखट असो.

चौथी गोष्ट, पाठपुरावा. ‘काम बंद करण्याचा आदेश’ पहिल्या पानावर आला. पुढं तो आदेश वरच्या अधिकाऱ्यानं रद्द केला, तेही छापलं का? छापलं तर कुठल्या पानावर? चूक झाल्यावर दुरुस्ती आली का? दुरुस्त्या छापणाऱ्या वार्ताहराला लोक ‘चुका करणारा’ म्हणतात. माझ्या मते तोच जास्त भरवशाचा.

शेवटी, काय छापलं नाही ते पाहा. हे काम कठीण आहे. तालुक्यात ग्रामसभा गाजली, बाकीच्या वृत्तपत्रांत आली आणि यांच्याकडे नाही, असं एखाद्याच पंचायतीबाबत वारंवार झालं का? त्याच काळात त्या पंचायतीशी संबंधित माणसाच्या वाढदिवसाच्या मोठ्या जाहिराती त्याच दैनिकात आहेत का? असतील, तर त्यातून वार्ताहरानं पैसे घेतले हे सिद्ध होत नाही. जाहिराती कार्यालय घेतं आणि बातमी लावायची की नाही हेही अनेकदा कार्यालयच ठरवतं. म्हणून प्रश्न वृत्तपत्राला विचारायचा.

विकत घेतलेली बातमी ओळखण्याच्या खुणा वेगळ्या आहेत. तिला बहुधा वार्ताहराचं नाव नसतं. तीच वाक्यं त्याच दिवशी दुसऱ्या वृत्तपत्रातही असतात. मजकुरात नुसती स्तुती असते आणि विरोधकाचा एक शब्दही नसतो. निवडणुकीच्या काळात असं दिसलं तर जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडच्या माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समितीकडे कात्रणासह तक्रार करा.

आणि एक विनंती. ‘तो पैसे घेतो’ असं जो म्हणेल त्याला विचारा, कुठल्या तारखेची कुठली बातमी? उत्तर नसेल तर ते वाक्य फोनवरून दहा गटांत पाठवू नका. भारतीय न्याय संहितेचं ३५६ वं कलम बदनामीचं आहे. ते वार्ताहराला लागू होतं तसं तुम्हालाही होतं.

प्रश्न : या वार्ताहरानं दोन महिन्यांपूर्वी एका चोरीच्या बातमीत माझ्या मुलाचं नाव चुकून छापलं. पोलिसांनी त्याला नुसतं विचारपूस करून सोडलं होतं. आता कार्यालयात फोन केला की सांगतात, ‘ते आता आमच्याकडे नाहीत’. मी कुणाकडे जाऊ?
(एक आई, फोंडा तालुका)

ताई, ‘ते आता आमच्याकडे नाहीत’ हे उत्तर तुम्ही मुळीच मान्य करू नका. छापलेल्या मजकुराची जबाबदारी संपादकाची असते आणि वार्ताहर गेल्यानं ती संपत नाही. अंकाच्या शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात संपादक, मुद्रक, प्रकाशक आणि मालक यांची नावं असतात. संपादकाचं नाव तिथून घ्या आणि आजच पत्र लिहा. आज म्हणण्याला कारण आहे. भारतीय वृत्तपत्र परिषदेकडे (प्रेस कौन्सिल) दैनिकाविरुद्धची तक्रार बातमी छापल्यापासून दोन महिन्यांत जावी लागते आणि त्याआधी संपादकाला लेखी कळवलेलं असावं लागतं. मुदत टळली असली तर उशिराचं खरं कारण लिहून विनंती करता येते, पण त्यावर विसंबू नका.

पत्र एक पान पुरे. वर अंकाची तारीख, पान क्रमांक आणि मथळा. मग बातमीतलं चुकीचं वाक्य जसंच्या तसं अवतरणात. त्याखाली खरं काय ते दोन ओळींत, आणि आधाराचा कागद जोडलेला. पोलीस ठाण्यातून प्राथमिक माहिती अहवालाची (एफआयआर) प्रत मिळाली तर उत्तम, कारण त्यात मुलाचं नाव संशयित म्हणून नाही हे तिथंच दिसतं. मग मागणी नेमकी लिहा : दुरुस्ती त्याच पानावर, नाव घेऊन, आणि संकेतस्थळावरच्या व ई-पेपरच्या मजकुरातही. ही शेवटची मागणी बहुतेक लोक विसरतात. छापील अंक रद्दीत जातो, संकेतस्थळावरची ओळ मुलगा नोकरीला अर्ज करील तेव्हाही सापडते. पत्र स्पीड पोस्टानं पाठवा, पावती जपा आणि उत्तरासाठी आठ दिवसांची मुदत द्या.

पत्रात रागाचे शब्द घालू नका. ‘तुमचा तो विकाऊ वार्ताहर’ असं लिहिलंत की पत्र सरळ वकिलाकडे जातं आणि दुरुस्ती लांबते.

उत्तर आलं नाही तर परिषदेकडे तक्रार करा. सोबत मूळ कात्रण, मराठी मजकुराचं इंग्रजी भाषांतर, संपादकाला पाठवलेल्या पत्राची प्रत आणि हे प्रकरण कुठल्याही न्यायालयात चालू नाही असं प्रतिज्ञापन जोडावं लागतं. परिषद दंड करू शकत नाही. ताकीद देणं आणि ठपका ठेवणं एवढेच तिचे अधिकार आहेत. नुकसानभरपाई हवी असेल तर दिवाणी दावा, आणि तो छापल्यापासून एका वर्षाच्या आत. संकेतस्थळावरच्या मजकुराबद्दल २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांखाली प्रकाशकाचा तक्रार निवारण अधिकारी असतो. त्यानं १५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो.

मुलाचं वय तुम्ही लिहिलेलं नाही. तेव्हा तो १८ वर्षांखाली असेल तर हा विषय साध्या चुकीचा राहत नाही. बाल न्याय कायद्याच्या ७४ व्या कलमानं अशा मुलाचं नाव, पत्ता, शाळा किंवा छायाचित्र छापायला बंदी आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. पत्राच्या पहिल्याच ओळीत वय लिहा.

प्रश्न : त्या वार्ताहराच्या जागी माझी नेमणूक झाली आहे. वय २४. कार्यालयानं एक वही आणि तालुक्याचा नकाशा दिला. अर्धे अधिकारी म्हणतात, ‘त्याच्यासारखा होऊ नकोस’. गावकरी म्हणतात, ‘त्याच्यासारखा हो’. सुरुवात कुठून करू?
(नवा वार्ताहर)

आधी जुने विषय बुडू देऊ नका. वार्ताहर गेला की सर्वांत मोठं नुकसान तिथं होतं आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही.

गेलेल्या वार्ताहराला भेटा. कार्यालयाशी त्यांचं पटत नसलं तरी तुमच्याशी बोलायला हरकत नसावी. वहीत एकेका विषयाला एक पान द्या : विषय कुठवर आला, कुठले कागद कुणाकडे आहेत, पुढची तारीख कोणती. न्यायालयात पोचलेल्या विषयांचे खटला क्रमांक घ्या. पर्वरीच्या उच्च न्यायालयातली तारीख नुसत्या नावावरून शोधायला फार वेळ जातो.

माहिती अधिकाराचे अर्ज वेगळे मोजा. हे अर्ज नागरिक म्हणून वैयक्तिक नावानं केलेले असतात, पण पत्ता बहुधा कार्यालयाचा असतो. माणूस गेला की उत्तराचा लिफाफा टेबलावर पडून राहतो. माहिती देण्याची मुदत ३० दिवस. उत्तर नकारार्थी आलं किंवा आलंच नाही, तर पहिलं अपील पुढच्या ३० दिवसांत करायचं असतं आणि राज्य माहिती आयोगाकडचं दुसरं अपील ९० दिवसांत. त्यांच्या अर्जावर तुम्हाला अपील करता येत नाही. एक तर त्यांनी स्वतः अपील करावं, नाहीतर तुम्ही १० रुपये भरून नवा अर्ज करावा. नवा अर्ज करताना प्रश्न तेच ठेवा. फक्त ‘सर्व कागदपत्रे’ असं मोघम मागू नका. फाईल क्रमांक आणि कालावधी लिहा. मोघम अर्जाला ‘कार्यालयात येऊन पाहणी करा’ असं उत्तर येतं.

बातमी देणाऱ्या माणसांची यादी मात्र त्यांच्याकडे मागू नका. जे लोक त्यांच्यावर विश्वास ठेवून बोलले ते तुमच्याशी बोलायला बांधलेले नाहीत. त्यांनी त्या लोकांना विचारावं, ते हो म्हणाले तर ओळख करून द्यावी. गुप्ततेचं वचन देतानाही जपून द्या. वृत्तपत्र परिषदेच्या कायद्याच्या १५ व्या कलमानुसार परिषदेपुढं तुम्हाला सूत्राचं नाव सांगायची सक्ती होत नाही. न्यायालयापुढं असं हमखास संरक्षण देणारा कायदा आपल्याकडे नाही. म्हणून बोलणाऱ्याला धोक्यात आणणारी चिठ्ठी किंवा संदेश गरजेपेक्षा जास्त दिवस जवळ ठेवू नका.

आता अधिकाऱ्यांचं आणि गावकऱ्यांचं. पहिल्या महिन्यात तुमच्याकडे तयार बातम्या येतील. टाईप केलेल्या, मथळ्यासकट, छायाचित्रासकट. काही ठेकेदाराकडून येतील, काही पुढाऱ्याच्या माणसाकडून, काही एखाद्या गावच्या गटाकडून, ज्यांना जुन्या वार्ताहरानं दारातही उभं केलं नव्हतं. नवा माणूस कितपत तपासतो याची ही चाचणी असते. अशी एकही बातमी एकाच बाजूच्या कागदावर लावू नका. दुसरा कागद किंवा जागेवरचा माणूस मिळेपर्यंत ती थांबली तरी चालते. दुसऱ्या दैनिकात आधी आली तरी चालते. संपादकांना हे पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवा, म्हणजे रात्री नऊ वाजता तुमच्यावर दबाव येणार नाही.

ज्यांच्याविरुद्ध जुन्या वार्ताहरानं सर्वांत जास्त लिहिलं अशा चार-पाच जणांना स्वतःहून भेटा. चहा घ्या आणि विचारा, कुठली बातमी चुकीची होती? तारीख मागा. चूक खरोखर सापडली तर दुरुस्ती लावायला संपादकांना सांगा. यानं तुम्ही जुन्या वार्ताहराच्या विरोधात गेलात असं काही लोक म्हणतील. तसं म्हणू द्या.

एक छोटी गोष्ट राहिली. पोलीस निरीक्षक, मामलेदार आणि तालुक्यातले पत्रकार यांचा जो फोनवरचा गट असतो त्याचं ॲडमिनपद बहुधा जाणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या फोनवर असतं. कार्यालयाच्या नावचा क्रमांक त्यात घालून घ्या. आणि जुनं ओळखपत्र व दुचाकीवरचं ‘प्रेस’ असं लिहिलेलं चिकटपत्र परत आलं का ते कार्यालयाला विचारा. दुसऱ्या कुणाच्या हाती ते लागलं तर त्रास तुम्हालाच होईल.

प्रश्न : राजकीय दबावानं काढलं, असं सगळे म्हणतात. दैनिक एक ओळही छापत नाही. हे योग्य आहे का?
(वाचक, डिचोली)

माणूस राजीनामा देऊन गेला, बदली नाकारून गेला, करार वाढवला नाही म्हणून गेला की काढला, हे बाहेरून कळत नाही, आणि त्याच्या संमतीशिवाय कारण छापणं वृत्तपत्रालाही शोभत नाही. पण ‘अमुक तारखेपासून अमुक आमचे वार्ताहर नाहीत, तालुक्याच्या बातम्यांसाठी अमुक यांच्याशी संपर्क साधावा’ इतकं छापायला काहीच हरकत नाही. ते छापायला हवं होतं. न छापल्यामुळं अफवांना मोकळं रान मिळालं.

छापताना मात्र काही कार्यालयं छायाचित्र लावून ‘या व्यक्तीशी व्यवहार केल्यास आम्ही जबाबदार नाही’ अशी जाहीर सूचना देतात. आर्थिक गैरव्यवहाराची पोलीस तक्रार झालेली नसताना अशी सूचना देणं म्हणजे माणसाला चोर ठरवणं. त्यावर तो दावा लावू शकतो.

दबावाबद्दल तुम्हाला स्वतःला पाहता येईल अशी एकच खूण आहे. तो जे विषय लिहीत होता ते विषय दैनिकात चालू राहिले का? तीन महिने थांबा आणि मोजा. नव्या नावानं तेच विषय येत राहिले तर माणूस बदलला एवढंच. विषयच बंद झाले तर संपादकांना नावानिशी पत्र लिहून विचारा.

प्रश्न : पूर्वी मराठी वृत्तपत्रं अशी एका बाजूची नव्हती, हे खरं ना?
(वाचक, म्हापसा)

नाही. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात ‘गोमन्तक’ गोव्याच्या महाराष्ट्रातल्या विलीनीकरणाच्या बाजूनं आणि ‘राष्ट्रमत’ त्याच्या विरोधात उभं होतं, दोन्ही मराठीच. लिहिणाऱ्यांवर तेव्हाही लोक जीव टाकायचे आणि तेव्हाही त्यांना शिव्या मिळायच्या. फरक इतका की बाजू कोणती ते उघड होतं.

प्रश्न : आम्ही पंधरा जणांनी त्या वार्ताहराच्या बाजूनं पत्रं पाठवली. एकही छापलं नाही.
(युवक मंडळ, केपे तालुका)

पंधराही पत्रांत तीच वाक्यं होती का? असतील तर संपादक ती एकच समजतो, आणि ते चूक नाही. प्रत्येकानं आपल्याला माहीत असलेल्या एकाच बातमीबद्दल दीडशे ते दोनशे शब्दांत लिहावं. खाली खरं नाव, गाव आणि फोन द्यावा. विरुद्ध बाजूच्या कुणावर आरोप असेल तर पत्र अडकतं, कारण वाचकाच्या पत्रातल्या बदनामीचा खटला संपादकावरही होतो.

प्रश्न : मी नऊ वर्षं एका दैनिकाचा तालुका वार्ताहर आहे, मानधनावर. वरच्या प्रकरणानंतर मलाही ‘पुढच्या महिन्यापासून नको’ असं तोंडी सांगितलं. माझ्यावर बदनामीचे दोन खटले चालू आहेत. माझे हक्क काय? आणि माझ्या बातम्यांचं पुस्तक काढू शकतो का?
(वार्ताहर, नाव न देण्याच्या विनंतीवरून)

तोंडी निरोपावर काम सोडू नका. ‘आपण अमुक तारखेला असं सांगितलं, कृपया लेखी कळवावं’ असा मेल पाठवा. राजीनामा लिहून मागितला तर घाईनं देऊ नका. काढणं आणि स्वतः सोडणं यानं मिळणारे पैसे बदलतात.

पहिला प्रश्न असा की पत्रकारिता हाच तुमचा मुख्य व्यवसाय आहे का. कायद्यातली श्रमिक पत्रकाराची व्याख्या त्यावर उभी आहे; पूर्णवेळ की अर्धवेळ हा भेद तिथं आड येत नाही. आपल्याकडे अनेक तालुका वार्ताहर शिक्षक असतात, विमा एजंट असतात, दुकान चालवतात. त्यांना या कायद्याचा लाभ मिळणं कठीण. तुमचं घर मुख्यतः याच कामावर चालत असेल तर नऊ वर्षांच्या मानधनाचे बँक उतारे, कार्यालयानं दिलेलं ओळखपत्र, कामाचे मेल आणि तुमच्या नावच्या बातम्यांची महिनावार कात्रणं जमवा. नेमणूकपत्र नसलेल्या माणसाचा पुरावा हाच. १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्यात पत्रकाराला ग्रॅच्युइटीसाठी तीन वर्षांची सेवा पुरत असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या, त्यांतल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही श्रमिक पत्रकारासाठी तीन वर्षंच आहेत. कागद घेऊन कामगार आयुक्तालयात जा, आणि जाण्याआधी गोवा पत्रकार संघटनेशी बोला.

खटल्यांचा विषय हिशेबाच्या आधी मिटवा. बदनामीचा फौजदारी खटला तुमच्या नावावर असतो आणि नोकरी गेली तरी समन्स तुमच्याच घरी येतं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद किंवा दंड, किंवा दोन्ही, किंवा समाजसेवा अशी आहे. त्यामुळं तारीख चुकवून चालणार नाही. अंतिम हिशेबाच्या कागदावर सही करण्याआधी दैनिकाकडून पत्र घ्या : अमुक तारखांच्या बातम्यांवरच्या खटल्यांत वकील आणि खर्च दैनिकाचा राहील. ते पत्र सहीनंतर मिळणं अवघड. सोबत त्या बातम्यांच्या आधाराच्या कागदांच्या प्रती स्वतःकडे ठेवा. कार्यालयातलं कपाट रिकामं झालं की त्या मिळत नाहीत. फौजदारी खटल्यात बातमी खरी होती एवढं पुरत नाही, ती लोकहितासाठी होती हेही दाखवावं लागतं. म्हणून त्या बातमीनंतर पंचायतीनं किंवा खात्यानं केलेल्या कारवाईचे कागदही जमवा.

पुस्तकाचं उत्तर आनंदानं देतो. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या १७ व्या कलमानुसार, वृत्तपत्राच्या नोकरीत लिहिलेल्या मजकुराचा हक्क मालकाकडे जातो तो वृत्तपत्रात किंवा नियतकालिकात छापण्यापुरता. बाकी हक्क लिहिणाऱ्याचेच राहतात, करारात वेगळं लिहून दिलं नसेल तर. तुम्ही नोकर नसून बाहेरून लिहिणारे असाल तर सगळाच हक्क मुळात तुमचा. छायाचित्रं दुसऱ्यानं काढलेली असतील तर त्याची लेखी परवानगी लागेल. खटला चालू असलेल्या दोन बातम्या पुस्तकात घेऊ नका : पुस्तकात छापणं हे नवं प्रकाशन धरलं जाऊन तिसरा खटला उभा राहू शकतो.

प्रश्न : गेलेल्या वार्ताहराचा आम्ही गावातर्फे सत्कार करू इच्छितो. काही पंचांचा विरोध आहे.
(देवस्थान समितीचे सदस्य)

जरूर करा, पण त्यांचा नोकरीतला शेवटचा दिवस होऊन गेल्यावर. शाल, श्रीफळ, फुलं पुरेत. पाकीट देऊ नका, त्यांनीही घेऊ नये. व्यासपीठावर आमदार किंवा इच्छुक उमेदवार बसवू नका. विरोध असलेल्या पंचांना निमंत्रण पाठवा आणि त्यांना बोलायचं असेल तर पाच मिनिटं द्या.